गोदामाची पांढरी भिंत

१९ ऑगस्ट

आजपासून लिहायचं ठरवलं. तोंडावर बोलता येत नाही ते कुठेतरी बाहेर पडायला हवं, नाहीतर एक दिवस मी सासऱ्यांना भर तलावात ढकलून देईन आणि पेपरात माझा फोटो येईल, तोही लग्नातला, नाकावर पावडर राहिलेला.

सासरे म्हणजे आबा. हौशी लोकांना बोटीतून मासे धरायला नेणं हा त्यांचा धंदा. तलाव एवढा मोठा, की मधोमध गेलं की काठावरचा माणूस मुंगीएवढाही दिसत नाही. त्यांच्या हाताखालचा जुना गडी त्यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच काढून टाकला. का, ते सांगत नाहीत. विचारलं की खेकसतात. आणि त्याच्या जागी कोण? मी. शिवणकाम करणारी बाई. नवरा लांबच्या वीजकेंद्रात नोकरीला, पंधरवड्यातून एकदा घरी येतो. तो म्हणाला, "जा की, तेवढीच हवा लागेल." लागतेय हवा. नाकाचं साल निघालंय.

गळ बांधायचे मी, आमिष लावायचं मी, नांगर टाकायचा मी. "सुईत दोरा ओवतेस ना, मग यात काय अवघड?" इति आबा. स्वतः हल्ली एक गाठ मारत नाहीत. साहेब झालेत.

आणि वर दिवसभर तोंडी परीक्षा. तलावाच्या मध्ये पाण्याखाली एक लांबट उंचवटा आहे, त्याला सगळे नावाडी 'म्हशीची पाठ' म्हणतात. मासा तिथे असतो. आता पाण्यावर काही पाटी लावलेली नाही, म्हणून काठावरच्या खुणा जुळवायच्या. मागे गिरणीची चिमणी आणि तिच्या पुढे गोदामाची पांढरी भिंत. चिमणी भिंतीच्या बरोबर मधोमध दिसली की आपण पाठीच्या रेषेत. मग दुसऱ्या काठावर पाण्याची टाकी टेकडीवरच्या दोन झाडांमध्ये आली की थांबायचं. रेष चुकली तर पाठीच्या टोकाला दोन खडक आहेत, ती म्हशीची शिंगं. एरवी त्यांच्यावर भरपूर पाणी असतं. इकडे पाऊस थंडीत पडतो; आता उन्हाळा संपत आला, तलाव उतरलाय आणि शिंगं पाण्याच्या जेमतेम खाली दबा धरून बसलीत.

हे सगळं मला पहिल्या आठवड्यातच पाठ झालं. तरी रोज तेच. "सूनबाई, चिमणी कुठं?" "भिंत कुठं?" "मधोमध का डावीकडं?" शाळेत मास्तरांनीही मला इतकं उभं केलं नव्हतं.

आज मासा नाही. वारा नाही. वरचं पाणी अंघोळीला घ्यावं इतकं कोमट.

२२ ऑगस्ट

आज घरात तमाशा. मी फरशी पुसली आणि स्वयंपाकघरातलं स्टूल दाराजवळ ठेवलं. आबा बाहेरून आले, स्टुलावर धाडकन आदळले आणि त्याच्या सात पिढ्या काढल्या. मी म्हटलं, "आबा, समोरच तर होतं." चूक माझी नव्हतीच, स्टूल काही उंदीर नाही पायात यायला.

तर सासूबाई, ज्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही, त्या माझ्यावर ओरडल्या. "वस्तू जागच्या जागी ठेवायला काय होतं गं तुला? किती वेळा सांगायचं?" एका स्टुलासाठी! मग आबांच्या हातात चहाचा कप अगदी बोटं धरून दिला, तान्ह्या बाळाला द्यावा तसा. या घरात पुरुषांचे लाड बघावेत.

मी स्टूल जागेवर नेऊन ठेवलं आणि संध्याकाळभर कुणाशी बोलले नाही.

२७ ऑगस्ट

आज मासा सापडला, आणि कबूल करते, तो आबांनी सापडवला.

मासा या दिवसांत खोल जातो. वर गरम, म्हणून राहवत नाही. अगदी तळाशी गार आहे, पण तिथे त्याचा श्वास कोंडतो. म्हणून मधे कुठेतरी एक पातळ पट्टा असतो, त्यात सगळे गर्दी करतात. तो पट्टा किती खोल, हे रोज शोधायचं. बाकीच्या बोटींवर यंत्रं आहेत. आबा शिशाचं वजन दोरीला बांधून, दोन्ही हात पसरून एकेक वाव दोरी मोजत सोडतात, थोडा वेळ ठेवतात, झरकन वर ओढतात आणि गालाला लावतात. मग पुन्हा, थोडं आणखी खोल. डोळे मिटून. आज म्हणाले, "सहा वावांवर गार लागतंय. सातावर गळ सोड." सोडला. पाहुण्यांच्या सगळ्या काठ्या वाकल्या.

परत आल्यावर धक्क्यावरच्या फळ्यावर 'आजचं पाणी' लिहायचं असतं: वारा, गढूळपणा, मासा किती खोल. पूर्वी आबा लिहायचे. या वर्षी मला लिहायला लावतात. "तुझं अक्षर वळणदार आहे." कौतुक म्हणून मी घेते, आणखी काय करणार?

फळ्याशी जलपरिवहनचे साहेब भेटले. आबांना म्हणाले, "परवान्याची मुदत संपतेय. तपासणीला कधी येताय?" आबा म्हणाले, "हंगाम तर संपू द्या." साहेब म्हणाले, "मागच्या खेपेलाही हेच म्हणालात." आबांनी त्यांना मासा दिला. साहेबांनी नको नको म्हणत घेतला.

३ सप्टेंबर

अरे देवा. गोदामवाल्याने भिंत निळी रंगवली.

ही बातमी साधी नाही. गोदामवाल्याने एकदा काठावरचं एक उंच झाड तोडलं होतं, ते आबांच्या खुणेचं झाड होतं. त्यावरून जे वाजलं, ते अजून वाजतंय. तेव्हापासून आबा त्याच्याशी बोलत नाहीत. धक्क्यावर तो समोरून आला की मान वळवतात. आता भिंत रंगवली म्हणजे दुसरी खूण बाटवली. आज मी बोटीत जीव मुठीत धरून बसले होते, की आता ज्वालामुखी फुटणार.

पण आबा शांत. नेहमीसारखं विचारलं, "पांढरी भिंत दिसते का?" मी दोन क्षण त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग कळलं. हट्ट! त्याने काहीही रंगवावं, आबांच्या लेखी भिंत पांढरीच राहणार. मला हसू आलं, थोडा आदरही वाटला. असा हट्ट करायला छाती लागते. मी म्हटलं, "दिसते, आबा." कशाला सांगून भांडण उकरा? भिंत तीच, जागा तीच. रंगाला काय धरून बसायचंय?

८ सप्टेंबर

आज मात्र हद्द झाली.

दातांचे डॉक्टर आले होते, आबांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्यासमोर पुन्हा तेच: चिमणी कुठं, भिंत कुठं, टाकी कुठं. डॉक्टर हसून म्हणाले, "काय हो, सुनेला अजून पाठ होईना का?" माझे कान गरम झाले. पुढच्या वेळी आबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तुम्हीच बघा ना. तुमच्या समोरच आहे."

आबा सुकाणू धरून बसून राहिले. मग बोटीच्या बुडाखाली खर्रकन आवाज आला, आख्खी बोट शहारली. शिंगाला घासलो होतो. मी किंचाळले, "उजवीकडे!" आबांनी वळवली. थोडक्यात निभावलं.

डॉक्टर पांढरेफटक. आबा म्हणाले, "पाणी फार उतरलंय या वर्षी." एवढंच. माझ्यावर रागावले नाहीत, हे मला जास्त टोचलं. परत येताना त्यांनी एकदाच विचारलं, अगदी हळू आवाजात, "सूनबाई, मधोमध का?" मी म्हटलं, "मधोमध."

मला वाटतं वय झालंय त्यांचं. लक्ष राहत नाही, म्हणून मला कामाला लावतात.

१५ सप्टेंबर

नवरा आला होता. मी सगळं गाऱ्हाणं मांडलं. तो म्हणाला, "बाबा पहिल्यापासून तसेच आहेत. मला तर वल्ह्याने मारायचे." या माणसाला बायकोचं दुःख सांगणं म्हणजे दगडाला गुदगुल्या करणं.

गंमत पुढेच आहे. तो गेल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी मशीनवर होते. म्हणाल्या, "तू बोटीत बोलत जा गं. गप्प नको बसूस. काय काय दिसतं ते सांगत जा. त्यांना तुझं बोलणं आवडतं."

माझं बोलणं! ज्या घरात मला पहिल्या दिवसापासून 'टकळी' म्हणतात! मी विचारलं, "आई, बरं आहे ना तुम्हाला?" त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठून गेल्या. दाराशी थांबल्या, काहीतरी बोलणार होत्या, पण आबांची काठी वाजली आणि त्या लगबगीने पुढे झाल्या. आबांनी हल्ली काठी घेतलीय. पायासाठी म्हणे.

२१ सप्टेंबर

पाणी उलटलं.

परवापासून उत्तरेचा वारा सुटलाय. रात्री गारठा. वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली बुडतं, तळाचं वर येतं. आज सकाळी धक्क्यावर सडक्या अंड्यासारखा वास होता. पाणी चहासारखं. बारीक मासळी काठाला मरून लागलीय. आबांनी शिसं सोडलं, वर घेतलं, गालाला लावलं. पुन्हा सोडलं. "वर-खाली एकच गार," म्हणाले. "आता मासा कुठंही असेल. चार-सहा दिवस काही खरं नाही. मग वारा पडला की असा खाईल, असा खाईल..." त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसला.

मी फळ्यावर लिहिलं: पाणी उलटलं. वारा उत्तरेचा. लाटा उंच. मासा पांगलेला. लहान बोटींनी काठ सोडू नये. शेवटचं वाक्य मी माझ्या मनाने घातलं. आबांनी विचारलं, "काय लिहिलंस?" मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर लिहिलंस." आणि माझ्या पाठीवर थोपटायला गेले, तर हात दंडाला लागला.

डॉक्टरांनी येत्या रविवारची बोट सांगून ठेवलीय. वर्षातली सगळ्यात चांगली मासेमारी म्हणे आता.

२६ सप्टेंबर

मी उद्या जाणार नाही. लिहून ठेवते, म्हणजे माघार घेता येणार नाही.

धक्क्यावर सगळ्या नावाड्यांच्या समोर. आबा बोटीत चढताना दोर हातात येईना, तर माझ्यावर ओरडले, "दोर कुठं टाकलास? अक्कल आहे का?" दोर त्यांच्या पायाशी होता. सगळे हसले. मी म्हटलं, "मी काय तुमची काठी आहे का? दोर पायाशी आहे. चिमणी जागेवर आहे. भिंत जागेवर आहे. रोज रोज मला नाचवण्यापेक्षा स्वतः बघत जा. उद्या मी येत नाही."

हसणं थांबलं. आबा खाली वाकले, चाचपून दोर उचलला. म्हणाले, "नको येऊस."

घरी आल्यापासून सासूबाई एकसारख्या दार-खिडकी करतायत.

२७ सप्टेंबर, सकाळ

वारा आहे, पण ऊन छान. आबा पहाटेच गेले, डॉक्टर आणि त्यांच्या मेहुण्यांना घेऊन. गेले तर गेले. आज निवांत मशीनवर बसले. किती दिवसांनी हाताला मासळीचा वास नाही. पडद्यांचं काम उरकून टाकते.

सासूबाईंनी चहा घेतला नाही. खिडकीशी उभ्याच आहेत. विचारलं तर म्हणाल्या, "वारा वाढतोय का गं?"

२८ सप्टेंबर

हात अजून नीट चालत नाही, दोराने सालटं निघालंय. तरी लिहिते. कालचं कालच्या जागी ठेवल्याशिवाय मला झोप यायची नाही.

पडदा शिवत होते. वारा खरंच वाढला होता, पत्रे वाजत होते. सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मशीनच्या चाकावर हात ठेवला. "बंद कर ते. त्यांना दिसत नाही गं."

मला कळलंच नाही. "कुणाला?"

"ह्यांना. गेल्या हिवाळ्यापासून. उजेड कळतो, समोर माणूस आहे एवढं कळतं. तोंड कळत नाही. मला शपथ घातली होती. परवाना गेला तर बोट गेली, आणि बोट गेली तर हा माणूस घरात बसून मरेल, म्हणून मी गप्प बसले. तू होतीस बरोबर, म्हणून बसले."

मला राग आला. आधी तोच आला, खोटं कशाला लिहू? दोन परकी माणसं बोटीत आहेत आणि हे दोघं आपलं गुपित सांभाळत बसलेत! मग एकेक आठवायला लागलं. स्टूल. फळा. गळाच्या गाठी. 'मधोमध का?' आणि मग भिंत आठवली.

भिंत निळी झाल्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मी बरोबर असते तेव्हा काही बिघडत नव्हतं. ते पांढरी म्हणायचे, मी निळी बघायचे, 'दिसते' म्हणायचे. पण काल मी नव्हते. काल ते डॉक्टरांना विचारणार होते, पांढरी भिंत चिमणीखाली आली का? आणि डॉक्टर पांढरी भिंत शोधणार होते. दुसरी एक पांढरी भिंत होती काठावर. बर्फाच्या कारखान्याची. ती चिमणीखाली यायची तर बोट सरळ शिंगांवर जावी लागते.

मी धावले. धक्क्यावरून दुसरी एकही बोट सुटलेली नव्हती. कोण सुटेल त्या वाऱ्यात? मीच फळ्यावर लिहिलं होतं ना, काठ सोडू नये. एकच लाँच जाण्यासारखी होती, गोदामवाल्याची, माल वाहणारी. तो गोदामाच्या पायरीवर डबा खात बसला होता. मी काय बोलले आठवत नाही. त्याने अर्धा घास तसाच ठेवला आणि म्हणाला, "म्हातारा माझ्याशी बोलत नाही. माझ्या लाँचमध्ये बसेल का?" आणि तोवर इंजिन सुरूही केलं होतं.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "कुठं जायचं? मी आयुष्यात काठाकाठाने माल नेलाय. मधलं पाणी मला ठाऊक नाही."

म्हणजे सांगायचं मीच. लाटा अंगावर येत होत्या. मी मागे तोंड करून उभी राहिले, एका हाताने कठडा धरला आणि चिमणी शोधली. "डावीकडे घ्या. आणखी. थांबा... आता मधोमध. अशीच ठेवा." माझाच आवाज मला ऐकू येत होता आणि त्याच्यामागे आबांचा. मधोमध का डावीकडं? टाकी झाडांच्या अलीकडे होती. मग पहिल्या झाडामागे गेली. "आता हळू. इथून पुढे खडक."

बोट दिसली. दोन्ही शिंगांच्या मध्ये आडवी अडकलेली, एक अंग पाण्यात. प्रत्येक लाट तिला उचलून आपटत होती. डॉक्टर कंबरेएवढ्या पाण्यात खडकावर, एका हाताने बोटीची कड आणि दुसऱ्या हाताने मेहुण्यांची कॉलर धरलेली. मेहुण्यांचं डोकं फुटलं होतं. आबा बोटीत उभे होते, आमच्याकडे तोंड करून, पण आमच्यापासून जरासं बाजूला बघत.

लाँच आणखी जवळ जाईना, तीही लागली असती. दोर फेकायचा होता आणि धरायला मोकळे हात फक्त आबांचे होते.

मी फेकला. दोर त्यांच्या खांद्यावर पडला आणि घसरून पाण्यात गेला. त्यांनी भलत्याच बाजूला हात मारला. गोदामवाला ओरडला, "अहो समोर तर आहे!" मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं.

दोर ओढून घेतला. पुन्हा फेकला. घशात जेवढा जोर होता तेवढा लावून ओरडले, "आबा! डावा हात! खाली! गुडघ्यापाशी! आणखी खाली, आबा, पुढे, पुढे... हां, तोच!" त्यांनी पकडला. "आता बोटीच्या टोकाचं कडं, तुमच्या उजव्या हाताला, एक पाऊल!" त्यांनी एक पाऊल टाकलं, वाकले, आणि ज्या माणसाने सबंध हंगामात एक गाठ मारली नव्हती, त्याने पापणी लवायच्या आत गाठ मारली. बोटं चुकली नाहीत. एरवी गाठी मला का मारायला लावायचे, हे मला आता कळत नाही. कदाचित गाठी येत होत्या, गळाचं भोक दिसत नव्हतं.

दोराला धरून आधी मेहुणे आले, मग डॉक्टर, शेवटी आबा. गोदामवाल्याने त्यांना काखेत हात घालून वर ओढलं. आबा म्हणाले, "लाँच कुणाची?" तो म्हणाला, "झाड तोडणाऱ्याची." आबांनी त्याचा हात सोडला नाही.

परत येताना ते माझ्याशेजारी घोंगडी पांघरून बसले होते. दात वाजत होते. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणाले पांढरी भिंत चिमणीखाली आहे. मी बरोबर रेषेत होतो, सूनबाई."

"भिंत निळी आहे, आबा. महिना होत आला."

त्यांनी घोंगडी घट्ट ओढून घेतली.

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही सांगितलंत का?"

त्यांनी मान खाली घातली. मी इतकी रडले, की गोदामवाल्याने मागे वळून बघितलं. मेहुण्यांना टाके पडले. बरे आहेत. बरे नसते तर मी ही ओळ कशी लिहिली असती, कोण जाणे.

५ ऑक्टोबर

आबा स्वतः जलपरिवहनच्या कचेरीत गेले. मला घेऊन. साहेबांच्या टेबलावर परवाना ठेवला आणि म्हणाले, "मी दोन माणसं बुडवायला निघालो होतो. हा घ्या." साहेब बिचारे बसायला सांगायचंही विसरले. मग आबा म्हणाले, "हिची परीक्षा घ्या. बोट हिच्या नावावर लागू दे."

मला कुणी विचारलं नव्हतं. या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही, फक्त चिमणी कुठं ते विचारतात. मी तोंड उघडणार होते. पण आबांचा हात टेबलाच्या कडेवरून हळूहळू सरकत होता, कड कुठे संपते ते बघत. मी तोंड मिटलं आणि खुर्ची त्यांच्या पायाला लागेल अशी पुढे केली.

साहेबांनी विचारलं, "म्हशीच्या पाठीवर कसं जायचं?" मी झोपेत सांगितलं असतं.

दातांचे डॉक्टर घरी येऊन गेले. रागावलेले होते आणि त्यांचा तो हक्क होता. आबांनी सगळं ऐकून घेतलं. निघताना डॉक्टर दाराशी थांबून म्हणाले, "निदान मला तरी सांगायचं होतं." सासूबाई आत रडत होत्या. नवरा आलाय. वडिलांच्या समोर बसतो आणि चहाचा कप त्यांच्या हातात बोटं धरून देतो.

१२ ऑक्टोबर

बोट गोदामवाल्याच्या आवारात दुरुस्त झाली. त्याने ठिगळ मारून दिलं. काल सोडवायला गेलो तेव्हा तो आबांना म्हणाला, "म्हणत असाल तर भिंत परत पांढरी करून देतो. रंग पडलाय माझ्याकडे."

आबा म्हणाले, "राहू दे निळी. सुनेला तीच पाठ आहे."

आज पहिल्यांदा मी सुकाणूवर आणि आबा पुढे. गिऱ्हाईक नव्हतं, आम्ही दोघंच. वारा पडलेला, पाणी निवळलेलं, काचेसारखं. बारीक मासळी वर आलीय आणि मोठा मासा तिच्या मागे, जागोजागी पाणी फुटत होतं. आबा प्रत्येक आवाजाकडे तोंड वळवत होते. "तिकडं! ऐकलंस? मोठा आहे." मला दिसायच्या आधी त्यांना ऐकू येत होतं.

माझे हात घामाने ओले होते. शिंगांजवळून जाताना वेग अगदी कमी केला. आणि आबा काही विचारेनात. एकदाही नाही. गप्प बसून राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षा संपलेल्या मुलासारखे. मला ते सहन होईना. मग मीच सुरू केलं. "चिमणी भिंतीच्या डावीकडे आहे, आबा. मी उजवीकडे घेतेय. सरकतेय... सरकतेय... आता मधोमध. टाकी पहिल्या झाडाला लागली. दोन झाडांच्या मध्ये आली. थांबले." नांगर टाकला. शिसं सोडलं, वर घेतलं, आणि आधी माझ्या गालाला लावलं, मग त्यांच्या.

त्यांनी ते तसंच धरून ठेवलं. मग विचारलं, "निळी म्हणजे कसली निळी?"

मी भिंतीकडे नीट बघितलं. रोज बघत होते, पण अशी पहिल्यांदाच. "आईंचा तो जुना स्वेटर आहे ना, कोपरावर उसवलेला? तसली."

आबांचं तोंड थोडं उघडं राहिलं. तो स्वेटर त्यांनी पाहिलेला होता, दिसत होतं तेव्हा. मग ते हसायला लागले, इतके की बोट हलली. "म्हणजे अगदीच भिकार की गं," ते म्हणाले आणि हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. "आणखी काय दिसतं? सांग."

मी सांगत बसले. गळ टाकायचं दोघांनाही सुचलं नाही.